पाच काड्यांची जागा

येलहंक्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काय काय विचारतील याची मी वाटेतच उजळणी केली होती. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, घरी किती वाजता परतता. बंगळुरात एकट्या मुलीनं खोली शोधायची म्हणजे ही प्रश्नपत्रिका तोंडपाठ हवी. घरमालक अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. जिन्यावरून खाली आले, माझ्याऐवजी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाले, "सिम कुठलं?"

मी सांगितलं.

"मग वरची खोली घेतलीस तर पलंग खिडकीकडं ओढ. भिंतीकडं एकच काडी येते. खिडकीत दोन."

काडी म्हणजे मोबाइलच्या कोपऱ्यात रेंज दाखवणारी ती उभी रेघ. बाकी जग तिच्याकडे कॉल तुटल्यावरच बघतं. अण्णा तिच्याकडे सकाळी उठल्या उठल्या बघत. मी खोली घेतली, पलंग खिडकीकडे ओढला, आणि हा माणूस आहे तरी काय हे शोधण्यात माझी पुढची दोन वर्षं मजेत गेली.

मूळचे ते बेळगावकडचे. विशीतच इथल्या सरकारी टेलिफोन कारखान्यात लागले आणि बंगळुरातच मुरले. गल्लीत कन्नड, घरात मराठी, आणि चिडले की दोन्ही. कारखान्यात त्यांचं काम एकच होतं. तयार झालेला फोन उचलायचा, कानाला लावायचा, आवाज नीट येतोय का ते बघायचं आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा. मी एकदा विचारलं, "एवढ्या फोनांवरून तुम्ही कुणाशी बोललात कधी?"

"बोलायचं काम दुसऱ्याचं," ते म्हणाले. "आपलं काम तपासायचं."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे हे कळलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. "म्हणजे तू पण तपासनीसच की!" त्या दिवसापासून मी त्यांची तपासनीस झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही याची मला शंका आहे.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, सोसायटीत भांडणं लावतात. अण्णांनी एक पोर्टेबल हॉटस्पॉट घेतला. तंबाखूच्या डबीएवढं ते यंत्र. आत सिम घालायचं, मग ते कुठल्याशा लांबच्या टॉवरवरून इंटरनेट ओढून घेतं आणि जवळपासच्या मोबाइल-लॅपटॉपांना वाटतं. लोक ते प्रवासात नेतात, जिथे वायफाय नसतं तिथे वापरतात. अण्णा ते वापरत नसत. अण्णा ते घेऊन दर रविवारी सकाळी स्कूटरवरून शहराबाहेर जात आणि कुठे किती रेंज येते ते बघून परत येत.

एवढंच? हो, एवढंच. मलाही खरं वाटलं नव्हतं, म्हणून एका रविवारी मी मागे बसून गेले. स्कूटरला आडवा बांधलेला आंबे उतरवायचा झेला, म्हणजे लांब काठी आणि टोकाला जाळी. त्या जाळीत डबी ठेवायची आणि उंच धरायची. खिशात तीन कंपन्यांची तीन सिमं, त्यांना अण्णा सुना म्हणत. थोरली सून सगळीकडे येते पण दमानं, मधली शहरात मिरवते आणि खेड्यात तोंड फिरवते, धाकटीचा काही नेम नाही. सिम बदलायला अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कानातल्याची तार. एका तळ्याच्या बांधावर त्यांनी झेला उभा केला, चारी दिशांना फिरवला, मोबाइलवर आकडे बघितले आणि वहीत लिहिलं: 'बांधावर, पूर्वेकडे तोंड, थोरली चार, मधली एक, धाकटी शून्य.' मग डबी बंद केली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? आली नव्हं रेंज."

"पण वापरली नाहीत."

"कशाला वापरायची?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

वही त्यांनी कारखान्यातल्यासारखी आखलेली होती. जागा, दिशा, उंची, जवळचं झाड. झाडांबद्दल त्यांची मतं ठाम होती. चिंच रेंज खाते, कडुलिंब सोडतो, आणि ओल्या बांबूच्या बेटात उभं राहून बोलायचा प्रयत्न करणाऱ्याला अक्कल नसते. येलहंक्यावरून हवाई दलाची विमानं जातात, तर त्यांच्या आवाजानं काड्या हलतात का हे बघायला त्यांनी एक महिना गच्चीत खुर्ची टाकली होती. हलत नाहीत. हे त्यांनी मला अशा थाटात सांगितलं की मी ऑफिसात चार जणांना सांगून आले.

खेड्यापाड्यांत लोकांना वाटे की हा टॉवर बसवायला आलेला सरकारी साहेब. एकदा तर एका वाडीतल्या बायकांनी त्यांना ताक पाजलं आणि टॉवरसाठीचा अर्जच हातात दिला. अण्णा म्हणाले, "मी नुसता बघायला आलोय." त्यावर एक बाई म्हणाली, "बघायलाच येतात सगळे." हे सांगताना अण्णा स्वतःशीच हसत. अर्ज मात्र त्यांनी पत्ता शोधून टपालानं पाठवला होता, हे मला अक्कांकडून कळलं.

अक्कांचं या सगळ्यावर एकच म्हणणं. "ह्यांना काशीला नेलं तर गंगेत उतरायच्या आधी डबी काढतील."

डबी आम्हा भाडेकरूंना उसनी मिळे, पण अटी होत्या. मी एकदा ट्रेकला घेऊन गेले. दोन दिवस डोंगरात, आजूबाजूला टॉवरचा पत्ता नाही, आणि त्या डबीवरून मी आईशी व्हिडिओवर बोलले, तिला धबधबा दाखवला. आल्यावर हौसेनं अण्णांना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, "तोंड कुठल्या दिशेला होतं?" मला आठवेना. "दोन दिवस राहिलीस आणि दिशा लिहिली नाहीस?" ते आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

त्या वहीत पाच काड्यांची जागा एकच होती. येलहंक्यापासून दीड तासावर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव, गावाबाहेर देऊळ, देवळामागे काळा कातळ. त्या कातळावर थोरली, मधली, धाकटी, तिन्ही सुनांना पाच पाच काड्या, चारी दिशांना. अण्णा त्या कातळाबद्दल असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तीर्थक्षेत्र आहे. त्यांचा सिद्धांत असा की लाटा त्या दगडावर आपटून वर उसळतात. मला विज्ञान फारसं कळत नाही, पण एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग माझी नोकरी गेली.

कंपनीनं आमची अख्खी टीमच एका सकाळी बोलावली आणि घरी पाठवली. नाशिकला बाबा म्हणाले, दोन महिने बघ, नाहीतर परत ये. परत ये म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्यासाठी एक स्थळ तिकडे तयारच बसलं होतं. मी मुलाखती द्यायला लागले. पहिली एका कॅफेत बसून दिली, तर कॉफीच्या मशीनच्या घरघरीत मला प्रश्नच ऐकू येईनात. दुसरी खोलीतून दिली आणि मधेच खिडकीतल्या दोन काड्यांची एक झाली. तिसरी होती ती मला सगळ्यात हवी असलेली, अमेरिकन कंपनीची, घरून काम करायची, मी शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलेली. आदल्या दिवशी गल्लीत रस्ता खणला आणि मी नुकतंच घेतलेलं वायफाय केबलसकट उखडलं गेलं.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मैत्रिणीकडे जायची पिशवी भरली. शहराच्या त्या टोकाला. अण्णा दारात आले.

"तिथं हजार माणसं एकाच टॉवरला लोंबकळालीत. कातळावर चल. माणूस नाही काणूस नाही, पाच काड्या. तिथनं बोल अमेरिकेला."

आता विचार केला की स्वतःचंच हसू येतं. इंटरनेट चांगलं मिळावं म्हणून मी बंगळूर सोडून खेड्यात निघाले! पण तेव्हा मी घाबरलेली होते, आणि अण्णांच्या वहीतली एक ओळ खोटी निघालेली मी कधी बघितली नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर पाच होत्या. मी लॅपटॉप पाठीला लावला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्कूटरवर बसले.

मुलाखत अकराला. आम्ही साडेदहाला कातळावर होतो. अण्णांनी डबी सुरू केली. थोरली शून्य. तार काढली, मधली घातली. शून्य. धाकटी. शून्य. त्यांनी झेला उभारला, फिरवला, कातळाच्या टोकापर्यंत गेले, परत आले. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"असं होत नाही," ते म्हणत होते. "असं होत नाही की."

देवळाच्या पायरीवर एक म्हातारी झेंडूची फुलं ओवत बसली होती. ती बराच वेळ आमची गंमत बघत असावी. ती म्हणाली, "जात्रेगे टवर लारी बंदित्तु. जात्रे मुगीतु, होय्तु."

जत्रेसाठी टॉवरची लॉरी आली होती. जत्रा संपली, गेली.

अण्णा तिथेच खाली बसले. मला सगळं कळायला एक मिनिट लागलं. जत्रेच्या गर्दीसाठी कंपन्यांनी चाकांवरचे टॉवर आणून देवळामागे उभे केले होते. अण्णा नेमके त्याच रविवारी आले, कारण जत्रेत बत्तासे चांगले मिळतात. तंबूंच्या आणि पाळण्यांच्या गर्दीत त्यांना लॉरी दिसली नाही, दगड दिसला. जन्मभर तपासनीस असलेल्या माणसानं जागेची तपासणी जत्रेच्या दिवशी केली होती.

मी तेव्हा जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुमच्या खेळापायी माझी नोकरी गेली, अण्णा," मी म्हणाले. आणखीही बोलले. मला रडू येत होतं आणि ते रडू मी त्यांच्यावर काढलं. ते उठले आणि म्हातारीपाशी गेले. कन्नडमध्ये एकच गोष्ट विचारली, इथली माणसं फोन कुठून करतात?

म्हातारीनं फुलाच्या हातानं गावाकडे दाखवलं. तिची सून माहेरी बोलायला पाण्याच्या टाकीवर चढते.

टाकी होती तीन मजली उंच, खांबांवर उभी, बाजूला लोखंडी शिडी. वेळ होती दहा पन्नास. मी त्या शिडीकडे बघतच राहिले. अण्णा तोवर चपला काढून चढायला लागले होते. वय बाहत्तर, एका हातात झेला. वरून ओरडले, "थोरली दोन! उंच धरली तर तीन! तू खाली सावलीत बस, डबी खालपर्यंत पोचते!"

मी टाकीखाली सिमेंटच्या चौथऱ्यावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर तीन माणसं आली, स्वच्छ दिसली, स्वच्छ ऐकू आली. माझ्या मागे एक शेळी येऊन उभी राहिली. एकानं विचारलं, तुम्ही कुठे आहात? मी म्हणाले, शहराबाहेर. दुसऱ्यानं विचारलं, सगळ्या चाचण्या पास झाल्या आणि प्रत्यक्षात मात्र चाललं नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? मी त्यांना जत्रेच्या टॉवरची गोष्ट सांगितली. अर्ध्या तासापूर्वीची, ताजी. तिघंही खूप हसले. मी मुलाखत इतकी चांगली त्याआधी कधी दिली नव्हती.

पन्नास मिनिटांत चित्र दोनदाच थबकलं. दोन्ही वेळा अण्णा हात बदलत होते, हे मला नंतर कळलं. झेला कठड्याला बांधला की एक काडी उरायची, धरून जरा जरा फिरवत राहिलं की तीन. म्हणून ते उन्हात, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून, पन्नास मिनिटं उभे होते. मी "झालं, उतरा!" म्हणून हाका मारल्या तरी ते उतरेनात. शेवटी मीच जीव मुठीत धरून शिडी चढले. त्यांना हात खाली घेताच येत नव्हते. मी झेला काढून घेतला आणि त्यांचे दंड चोळत बसले. खूप लाज वाटत होती.

"लागली काय नोकरी?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवसांनी कळवणार आहेत."

"आठ दिवस?" ते खरोखर चिडले. "मी लगेच दाखवलो की तीन काड्या. ह्यांना काय होतंय लगेच सांगायला?"

त्या आठ दिवसांत त्यांचा उजवा खांदा आखडून गेला. शर्ट अक्का घालून द्यायच्या, शेक द्यायच्या. रविवारी स्कूटर निघाली नाही. वहीतली ती ओळ त्यांनी खोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'तपासनीसाची चूक.' रोज सकाळी मी जिना उतरले की ते विचारत, "आलं का काय?" आणि मी नाही म्हणे.

आठव्या दिवशी मेल आली. माझ्याबद्दल चार गोड वाक्यं, आणि पाचव्यात नकार. मी खाली उतरले तेव्हा अण्णा डाव्या हातानं चहा पीत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. "आलं का काय?"

"मिळाली," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. अक्कांनी शेवयांची खीर केली. मी ती खाल्ली आणि वर येऊन उशीत तोंड खुपसलं.

खरी पंचाईत पुढे झाली. माझी घरून नोकरी सुरू झाली म्हणून घरात दहा ते सहा शांतता सुरू झाली. अक्का कुकर सकाळी नऊच्या आत लावू लागल्या. मिक्सर बंद. पाण्याची मोटर दुपारी लावायची ती पहाटे. दारात भाजीवाला ओरडला तर अण्णा हातवारे करत धावत, "स्वल्प हळू! वर काम चाललंय!" आणि वर मी, नोकरी नसलेली, त्या शांततेत मान खाली घालून बसलेली. करायला काहीच नव्हतं, म्हणून मी अभ्यास केला. इतका केला जितका कॉलेजात कधी केला नव्हता. अर्ज केले, मुलाखती दिल्या. खोदकाम बुजवून वायफायही परत आलं होतं. बाबांना मी आणखी एक महिना मागितला.

त्या महिन्याच्या शेवटी नोकरी लागली. खरी. पत्र हातात आल्यावर मी सगळ्यात आधी खाली गेले, कारण आता मला ते खोटं एक दिवसही पोटात ठेववत नव्हतं. अण्णा अंगणात होते. उजवा हात निम्मा वर जाऊ लागला होता. मी सगळं सांगून टाकलं. पहिली मिळालीच नव्हती, मी खोटं बोलले, तुमच्या खांद्याकडे बघून मला खरं सांगवलं नाही.

"ठाऊक हाय की," ते म्हणाले.

"कसं?"

"नोकरी असलेलं माणूस दिवसातनं एकदा तरी साहेबाला शिव्या घालतंय. तू महिनाभरात एक पण घातली नाहीस."

मला हसावं की रडावं कळेना. "ठाऊक होतं तर मग घर कशाला गप्प ठेवलंत? कुकर, मोटर, मिक्सर?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दिशा न लिहिल्याबद्दल बघितलं असतं.

"नोकरी नव्हती म्हणूनच की," ते म्हणाले. "नोकरीवाल्यांना कशाला लागते शांतता?"